अवकाशातला निरोप्या

२८ जून २०२५ च्या संध्याकाळी देशभरातल्या घरांत टीव्हीवर एक संवाद पाहिला गेला. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते आणि पंतप्रधान दिल्लीतून त्यांच्याशी बोलत होते. पंधरा मिनिटांहून अधिक वेळ हे बोलणे चालले. शुक्ला यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता आणि आवाज नीट ऐकू येत होता. प्रश्न विचारल्यानंतर उत्तर यायला थोडा उशीर होत होता, एवढेच.

एखाद्या घरात मुलाने विचारलेही असेल, "अब्बा, वर टॉवर कुठे आहे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्या गावाबाहेर चार किलोमीटरवर मोबाइलची रेंज जाते. मग ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने पळणाऱ्या स्थानकातून इतका वेळ अखंड बोलणे कसे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण अमेरिकेपासून पुणे जिल्ह्यातल्या खोडदपर्यंत जातो, आणि वाटेत आपले जालनाही लागते.

दहा मिनिटांची भेट

अंतराळ स्थानक पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. जालन्याहून मुंबईला रेल्वेने जायला सात तास तरी लागतात. स्थानक तेवढे अंतर एका मिनिटात कापते आणि सुमारे ९२ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते.

रेडिओ लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे जमिनीवरच्या एखाद्या केंद्राला स्थानक क्षितिजाच्या वर असेल तेवढाच वेळ 'दिसते'. अगदी डोक्यावरून गेले तरी हा वेळ फार तर दहा मिनिटांचा. पुढच्या फेरीपर्यंत पृथ्वी स्वतःभोवती फिरलेली असते, म्हणून स्थानकाचा मार्ग सुमारे अडीच हजार किलोमीटर पश्चिमेकडे सरकतो. असे दोन-चार फेऱ्यांनंतर ते आपल्या आकाशात येईनासे होते आणि पुन्हा भेट व्हायला बऱ्याच तासांची वाट पाहावी लागते. हॅम रेडिओवरून अंतराळवीर शाळा-कॉलेजच्या मुलांशी बोलतात, तेव्हा प्रश्नोत्तरे इतकी घाईत उरकतात ती याचमुळे.

यावर एक उपाय म्हणजे जगभर केंद्रे उभारणे. इस्रोने बेंगळुरू, लखनौ, श्रीहरिकोटा, पोर्ट ब्लेअर याबरोबरच मॉरिशस, ब्रुनेई आणि इंडोनेशियातील बियाक येथेही केंद्रे ठेवली आहेत. पण पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्राने व्यापलेला आहे आणि समुद्रात केंद्र कुठे बांधणार? सुरुवातीच्या काळात अमेरिकेने त्यासाठी जहाजे उभी केली. तरीही जमिनीवरच्या केंद्रांच्या भरवशावर एका फेरीत साधारण पंधरा टक्के वेळच संपर्क राहत असे. उरलेला वेळ यान एकटे असायचे.

एकटेपणाची किंमत

हे एकटेपण किती महागात पडू शकते, ते १६ मार्च १९६६ रोजी दिसले. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट 'जेमिनी ८' या यानात होते. चंद्रावर पाऊल ठेवायला आर्मस्ट्राँग यांना अजून तीन वर्षे होती. त्यांनी आपले यान दुसऱ्या एका मानवरहित यानाला जोडले. दोन यानांची अशी जोडणी त्यापूर्वी कोणीही केली नव्हती.

काही वेळाने जोडलेली याने गरगर फिरू लागली. त्या क्षणी ती कोणत्याही केंद्राच्या टप्प्यात नव्हती. दोष दुसऱ्या यानात असावा असे समजून दोघांनी आपले यान वेगळे केले. पण दोष त्यांच्याच यानात होता. एक लहान इंजिन चालू अवस्थेत अडकले होते. भार हलका झाल्यामुळे फिरण्याचा वेग आणखी वाढला आणि सेकंदाला जवळजवळ एक गिरकी इतका झाला. अशा वेगात डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊ शकतो.

प्रशांत महासागरात उभ्या असलेल्या 'कोस्टल सेन्ट्री क्वेबेक' या जहाजाच्या टप्प्यात यान आले, तेव्हा कुठे खाली कळले की वर काहीतरी गंभीर घडले आहे. पण त्यांना सल्ला देण्याइतकाही वेळ कोणाकडे नव्हता. आर्मस्ट्राँग यांनी परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेली इंजिने वापरून यान सावरले. ती वापरली की लगेच उतरायचे असा नियम होता, म्हणून मोहीम अर्धवट सोडून दोघे पॅसिफिकमध्ये उतरले. दोघे वाचले ते स्वतःच्या शांत डोक्यामुळे. अमेरिकेच्या भूमीवर बसलेल्या शेकडो अभियंत्यांना दोष कुठे आहे हे त्या मिनिटांत कळलेच नव्हते.

माथ्यावरचा माणूस

डोंगराच्या अलीकडे एक माणूस आहे आणि पलीकडे दुसरा. एकमेकांना कितीही हाका मारल्या तरी ऐकू जाणार नाही. पण माथ्यावर एखादा गुराखी बसलेला असेल तर तो दोघांनाही पाहतो आणि इकडचा निरोप तिकडे पोचवतो. रिले उपग्रह हेच काम करतो.

हा 'माथा' आहे विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर. एवढ्या उंचीवर उपग्रहाला एक फेरी मारायला पृथ्वीच्या फिरण्याइतकाच वेळ लागतो, त्यामुळे तो खालून पाहिले तर एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. याला भूस्थिर कक्षा म्हणतात. आपल्या छपरावरची डीटीएचची छत्री एकदा बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती यामुळेच. इतक्या उंचीवरून पृथ्वीचा जवळजवळ अर्धा गोल दिसतो आणि त्या भागावरून जाणारी खालची यानेही दिसतात.

रिले उपग्रहाला दोन दिशांना लक्ष द्यावे लागते. त्याचा एक अँटेना जमिनीवरच्या ठरलेल्या केंद्राकडे वळलेला असतो. दुसरे मोठे अँटेने खाली पळणाऱ्या यानाच्या मागे हळूहळू फिरत राहतात. यानाकडून आलेला क्षीण संदेश तो घेतो, त्याची ताकद वाढवतो, लहरींची वारंवारता बदलतो आणि लगेच खाली पाठवतो. संदेशात काय आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. निरोप्या प्रामाणिक असावा लागतो, तसा.

अमेरिकेच्या नासाने अशा मालिकेतला पहिला उपग्रह 'टीडीआरएस-१' ४ एप्रिल १९८३ रोजी 'चॅलेंजर' यानातून पाठवला. त्याला योग्य उंचीवर नेणारे रॉकेट मध्येच बिघडले आणि उपग्रह भलत्याच कक्षेत अडकला. तंत्रज्ञांनी हार मानली नाही. जागेवर किरकोळ सरकण्यासाठी दिलेली त्याची लहान लहान इंजिने थोडी थोडी चालवून काही महिन्यांत त्याला ठरलेल्या जागी नेले. या उपग्रहाने पुढे २०१० पर्यंत सेवा दिली.

दुसरा उपग्रह २८ जानेवारी १९८६ रोजी त्याच 'चॅलेंजर'मधून निघाला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले. सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला आणि उपग्रहही गेला. पुढचा रिले उपग्रह वर जायला सप्टेंबर १९८८ उजाडले. मालिकेतला शेवटचा, 'टीडीआरएस-१३', ऑगस्ट २०१७ मध्ये गेला.

शुक्ला यांचा आवाज याच मार्गाने आला. आधी तो स्थानकातून रिले उपग्रहाकडे वर गेला. तिथून खाली अमेरिकेच्या केंद्राकडे आला आणि मग ह्यूस्टनमार्गे दिल्लीला पोचला. फक्त वर जाऊन खाली येण्यातच सत्तर हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होतो आणि पाव सेकंद जातो. जाणे, येणे आणि वाटेतली यंत्रणा मिळून तो उशीर वाढतो. ज्यांच्या घरातले कोणी पूर्वी कमावण्यासाठी आखाती देशांत गेले होते, त्यांना हा उशीर ओळखीचा वाटेल. पीसीओवर रांग लावून फोन जोडला की इकडचे 'सलाम' म्हणून होईपर्यंत तिकडचे आधीच बोलू लागायचे आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. त्या काळी परदेशी फोन बरेचदा उपग्रहावरून जात. आता बहुतेक समुद्राखालच्या केबलमधून जातात.

संयुक्त अरब अमिरातीचे सुल्तान अल नेयादी २०२३ मध्ये सहा महिने अंतराळ स्थानकात होते. त्यांचा रमजान आणि दोन्ही ईद तिथेच गेल्या. त्यांनी वरून दिलेल्या ईदच्या शुभेच्छा जगभरातल्या घरांत पोचल्या, त्यादेखील याच निरोप्याच्या हातून.

आपल्याच आकाशातली पोकळी

या व्यवस्थेत बरीच वर्षे एक उणीव होती आणि ती नेमकी आपल्या बाजूला होती. अमेरिकेचे मुख्य भूकेंद्र न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स येथे होते. रिले उपग्रह त्या केंद्राला दिसेल अशाच जागी ठेवावा लागे. त्यामुळे एक उपग्रह अटलांटिकच्या बाजूला आणि एक पॅसिफिकच्या बाजूला असला, तरी पृथ्वीच्या मागच्या बाजूचा एक पट्टा दोघांच्याही नजरेआड राहायचा. तो पट्टा हिंदी महासागराच्या वर येत होता. यान तिथे आले की बोलणे तुटायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर दुसरे भूकेंद्र सुरू झाले, तेव्हा ही पोकळी भरली.

यातून एक गोष्ट लक्षात येते. निरोप्या कुठे बसवायचा हे त्याच्या मालकाच्या सोयीने ठरते. म्हणूनच रशियाने 'लुच', चीनने २००८ पासून 'तियानलियान' आणि युरोपने लेझर किरणांनी बोलणारे स्वतःचे रिले उपग्रह उभारले. युरोपच्या व्यवस्थेचा उपयोग पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या उपग्रहांना होतो. पूर किंवा वादळाचे छायाचित्र घेतले आणि भूकेंद्र डोक्याखाली येईपर्यंत ते यानातच पडून राहिले, तर त्याचा उपयोग कमी होतो. निरोप्या वर असेल तर ते काही मिनिटांत खाली येते.

चंद्र, मंगळ आणि खोडद

भारतानेही निरोप्याचा उपयोग केलेला आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे 'विक्रम' चंद्रावर उतरले. त्यातून बाहेर पडलेली 'प्रज्ञान' गाडी पृथ्वीशी थेट बोलू शकत नव्हती. ती फक्त 'विक्रम'शी बोलायची आणि 'विक्रम' पुढे निरोप द्यायचा. 'विक्रम'ला बेंगळुरूजवळच्या ब्यालालू केंद्राशी थेट बोलता येत होते. शिवाय चंद्राभोवती २०१९ पासून फिरणारे चांद्रयान-२ चे यान दुसरा मार्ग म्हणून तयार ठेवले होते. उतरण्याच्या दोन दिवस आधी या दोघांचा संपर्क जोडून पाहिला गेला. २०१९ ची मोहीम उतरताना अपयशी ठरली असे आपण म्हणतो, पण तिचे कक्षेतले यान चार वर्षांनी धाकट्या भावाच्या मदतीला उभे होते.

चंद्राची मागची बाजू तर पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. तिथे उतरण्यापूर्वी चीनने २०१८ मध्ये 'च्वेछियाओ' हा रिले उपग्रह चंद्राच्या पलीकडे नेऊन ठेवला आणि मगच जानेवारी २०१९ मध्ये यान उतरवले.

मंगळावर याच कामात महाराष्ट्राचा हात लागला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे 'स्कियापारेली' हे छोटे यान मंगळावर उतरत होते. त्याचा रेडिओ मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना ऐकू जाईल एवढ्याच ताकदीचा होता. तरी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने तो आवाज थेट पृथ्वीवर पकडला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली ही दुर्बीण जवळपास साडेसतरा कोटी किलोमीटरवरचा तो पुसट संदेश ऐकत होती. संदेश इथे पोचायलाच दहा मिनिटांच्या आसपास लागत होती. उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी आवाज बंद झाला. यान आदळून नष्ट झाले होते. पण शेवटच्या टप्प्यापर्यंत ते बोलत होते, हे जगाला सर्वांत आधी खोडदने सांगितले.

याच नारायणगावच्या परिसरात आर्वी हे गाव आहे. परदेशाशी उपग्रहावरून बोलण्यासाठी भारताने उभारलेले पहिले भूकेंद्र १९७१ मध्ये तिथे सुरू झाले. त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले आहे.

जालन्याचे कान

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. स्टील, बियाणे आणि मोसंबी यांसाठी जालना सगळ्यांना माहीत आहे. मात्र जालन्यात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचे एक वेगळेच केंद्र आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. त्याचे नाव आंतरराष्ट्रीय उपग्रह संनियंत्रण भूकेंद्र. देशातल्या रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणाऱ्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेचा तो भाग आहे.

हे केंद्र अंतराळवीरांशी बोलत नाही. त्याचे काम ऐकण्याचे आहे. आपल्या आकाशातल्या भूस्थिर उपग्रहांकडून येणाऱ्या लहरी ते तपासते. कोणता उपग्रह कुठे आहे, ठरलेल्या वारंवारतेवरच बोलतो आहे का, कोणी परवानगीशिवाय मध्येच आवाज घालतो आहे का, हे पाहिले जाते.

याची गरज का पडते? भूस्थिर कक्षा हे विषुववृत्तावरचे एकच कडे आहे. त्याचा घेर सुमारे २ लाख ६५ हजार किलोमीटर, म्हणजे एका अंशाला सातशे-साडेसातशे किलोमीटर. ऐकायला हे अंतर मोठे वाटते. पण जमिनीवरच्या छत्रीला शेजारचे दोन उपग्रह अगदी जवळजवळ दिसतात. दोघे एकाच वारंवारतेवर बोलले तर दोघांचेही बोलणे बिघडते. म्हणून कोणी कुठे बसायचे आणि कोणत्या लहरी वापरायच्या, हे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघामार्फत ठरते. हा करार पाळला जातो की नाही, ते कोणीतरी ऐकत राहावे लागते.

रिले उपग्रहाला तर अशा शांततेची अधिकच गरज आहे. हजारो किलोमीटरवरून, पळत्या यानातून आलेला अतिशय क्षीण संदेश त्याला ओळखायचा असतो. त्यात खालून एखाद्या बेकायदा किंवा बिघडलेल्या यंत्राचा आवाज मिसळला तर निरोप हरवतो. पाठवणारा मुद्दाम खोडी काढत असेल असेही नाही. नीट न बसवलेला अँटेना किंवा सदोष यंत्रही हे करू शकते. घरातल्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. रेंज येत नाही म्हणून काही जण बाजारातून परवाना नसलेले मोबाइल बूस्टर आणून लावतात. आपली रेंज वाढते, पण शेजारच्या टॉवरचे काम बिघडते. कायद्याने ते गुन्हा आहे. मोहल्ल्यात कोणाला तातडीने रुग्णवाहिका बोलवायची असेल आणि आपल्या यंत्रामुळे त्याचा फोन लागला नाही, तर त्याची जबाबदारी कोणावर?

गगनयानाची तयारी

भारताच्या गगनयान मोहिमेत भारतीय अंतराळवीर भारतीय यानातून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर जाणार आहेत. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला अशी निवडलेल्या चौघांची नावे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. त्यांच्याशी सतत संपर्क राहावा यासाठी इस्रोने स्वतःच्या दोन रिले उपग्रहांची योजना आखली आहे. हे उपग्रह भारतातल्या भूकेंद्रांशी जोडायचे म्हणजे ते आपल्या आकाशात दिसतील अशाच जागी असणार. अमेरिकेच्या व्यवस्थेत जिथे एकेकाळी पोकळी होती, तिथे आपला निरोप्या बसेल.

आर्मस्ट्राँग आणि स्कॉट यांच्यावर आली तशी वेळ कोणावरही येऊ शकते. अशा वेळी खाली बसलेल्या माणसांना यानातला प्रत्येक आकडा त्याच क्षणी दिसत असेल, तर दोष शोधता येतो आणि वरच्या माणसाला सांगता येतो. त्या चौघांच्या घरच्यांच्या दृष्टीने या दोन उपग्रहांची किंमत रुपयांत मोजण्यासारखी नाही.

आपल्या मुलामुलींसाठी

हे सगळे वाचून घरातल्या एखाद्या मुलीला वा मुलाला या वाटेने जावेसे वाटले, तर वाट बंद नाही. निगार शाजी यांचे उदाहरण घ्या. तामिळनाडूतल्या सेंगोट्टई या छोट्या गावातल्या शेतकरी कुटुंबातली ही मुलगी. तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजात तिने इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन इंजिनिअरिंग केले आणि १९८७ मध्ये ती इस्रोत दाखल झाली. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ मोहिमेच्या त्या प्रकल्प संचालक होत्या. ते यान जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचले.

नववीच्या विद्यार्थ्यांसाठी इस्रोचा 'युविका' हा कार्यक्रम आहे. बारावी विज्ञाननंतर तिरुवनंतपुरमच्या अंतराळ विज्ञान संस्थेत जेईई अॅडव्हान्स्डच्या आधारे प्रवेश मिळतो. आणि इतके थांबायचे नसेल तर बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही हॅम रेडिओची परीक्षा देता येते. ती दूरसंचार विभागच घेतो. परवाना मिळाला की एका साध्या अँटेन्यावर अंतराळ स्थानकाचे संदेश ऐकता येतात.

काहीच खर्च न करता सुरुवात करायची तर आकाश निरभ्र असताना मगरिबनंतर तासाभरात किंवा फजरच्या आसपास मुलांना गच्चीवर न्या. स्थानक कोणत्या दिवशी, किती वाजता दिसेल ते नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या सेवेवर कळते. बहुधा पश्चिमेकडून एक तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका येईल आणि पूर्वेकडे सरकत जाईल. मुलांना घड्याळ लावून मोजायला सांगा. पाच-सहा मिनिटांत तो दिसेनासा होईल. मग दक्षिणेकडे, छपरावरची छत्री जिकडे तोंड करून बसली आहे तिकडे बोट दाखवा आणि सांगा की पलीकडे गेलेल्या त्या माणसांचा आवाज आता असल्याच एका उंच जागेवरून घरी येतो आहे.